मडके कच्चे, की कुंभार?

‘पोरांना गोडीच नाही हो!’ हे वाक्य मी स्वतः पुष्कळ वर्षे उच्चारले आहे, तेव्हा त्याच्याविरुद्ध लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे लोक जिला आयटीआय म्हणतात तेथे, शिल्प निदेशक म्हणून माझी सव्वीस वर्षे गेली. विजतंत्री हा माझा व्यवसाय. (सरकारी कागदावर विजतंत्री, जोडारी, संधाता, कातारी, वर्गात आणि गावात इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, टर्नर. आपला मुलगा ‘जोडारी’ झाला म्हणजे नेमके काय झाला, हे बापाला दोन दिवस कळत नाही.) ह्या सव्वीस वर्षांत तासाला डुलक्या घेणारी, हजेरी लागताच मागच्या भिंतीवरून पसार होणारी मुले मी शेकड्यांनी पाहिली, आणि दर वेळी चहाच्या पेल्याबरोबर निकाल देऊन टाकला की, गोडी नाही. निकाल मोठा सोयीचा होता. गोडी नसणे हा मुलाचा दोष ठरला की शिक्षक, अभ्यासक्रम, संचालनालय आणि समाज हे चौघेही निर्दोष सुटतात.

आता ह्या निकालावर एक नवा धंदाही उभा राहिला आहे. मुलांत गोडी नाही ना, मग ती बाहेरून आणू! पटांगणात मांडव पडतो, कोट घातलेला व्याख्याता येतो, ‘स्वप्ने मोठी पाहा’ म्हणतो, एका गरीब मुलाच्या उद्योगपती होण्याची गोष्ट सांगतो, मानधनाचे पाकीट घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने निघून जातो. मुले टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवायला त्यांचे काही जात नाही. दुसऱ्या दिवशी तीच मुले त्याच बाकावर बसून मागच्या वर्षीच्या मुलाची वही उतरवून काढू लागतात.

माझे म्हणणे असे आहे की हिंगोली जिल्ह्यातल्या ह्या मुलांना कामाची गोडी उदंड आहे. आपण ती संस्थेच्या फाटकात काढून ठेवायला लावतो. हे म्हणणे कोणाला भाबडे वाटेल. मलाही एके काळी वाटले असते.

औंढ्याकडच्या एका खेड्यातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. पहिल्या बाकावर बसून झोपत असे. मागच्या बाकावरच्या झोपेत निदान थोडी लाज असते. ही झोप उघड होती. परीक्षेला बसायचे तर ऐंशी टक्के हजेरी लागते, आणि त्याची हजेरी सत्तरच्याही खाली घसरली. एका रविवारी मी बापाला ताकीद देण्यासाठी त्याच्या घरी गेलो. आई दारात होती. म्हणाली, ‘रातभर मोटरीवर हाय ना सायेब, आत्ता कुठं निजलाय.’ शेतीच्या पंपांना वीज पाळीपाळीने मिळते, एका आठवड्यात दिवसा तर एका आठवड्यात रात्री, हे मला ठाऊक होते. शिकवतही होतो मी ते! पण रात्री लाईट आल्यावर गावातल्या कोणाची मोटार चालू होईना तर लोक ह्या सतरा वर्षांच्या पोराला उठवतात, तो विहिरीवर जाऊन स्टार्टर उघडतो, एका फेजला लाईट नसल्याचे मोटारीच्या नुसत्या घुमण्यावरून ओळखतो, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या वर्गात झोपणारा हा मुलगा गावचा इलेक्ट्रिशियन होता. त्याला गोडी नाही, असा शेरा मी माझ्या हाताने लिहिला होता.

असे मुलगे एक-दोन नाहीत. आमचा जिल्हा हळदीचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमतच्या आणि हिंगोलीच्या शिवारात हळद निघते, ट्रॉलीवर बसवलेल्या कुकरांत वाफेवर शिजते, पंधरा-वीस दिवस उन्हात वाळते आणि मग फिरत्या ड्रममध्ये पॉलिश होते. हिंगोलीचा संत नामदेव हळद बाजार त्या दिवसांत पोत्यांनी पिवळा होतो. ह्या सगळ्या खटाटोपात वाफेच्या टाकीचा जोड गळतो, ड्रमचे बेअरिंग जाते, मोटार जळते. ते दुरुस्त करायला जो धावतो तो बहुधा कुठल्यातरी आयटीआयच्या पटावरचा, त्या दिवशी गैरहजर असलेला, मुलगाच असतो. आणि नेमक्या त्याच दिवशी आपण वर्गात काय करत असतो? लोखंडाचा एक चौकोनी तुकडा कानशीने घासून त्याचे कोन काटकोनात आणत असतो. कानस धरता आलीच पाहिजे, ह्याबद्दल वाद नाही. परंतु तो तुकडा घासून झाल्यावर भंगाराच्या पेटीत पडणार आहे, हे घासणाऱ्याला पहिल्या मिनिटापासून माहीत असते. ज्याची जगात कोणी वाट पाहत नाही अशी वस्तू आठवडाभर मन लावून करा, असे एखाद्या कवीला सांगितले तर तोही तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज देईल!

आणि वही! ह्या वहीविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमच्या शिक्षणाचे खरे दैवत तीच आहे. प्रत्येक प्रात्यक्षिकाची नोंद जर्नलमध्ये करायची असते: उद्देश, साहित्य, आकृती, कृती, दक्षता. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात होते असे की प्रात्यक्षिक होवो न होवो, नोंद होतेच. तपासणीला येणारा अधिकारी काम पाहत नाही, वह्यांचा गठ्ठा पाहतो. त्यामुळे मुले रंगीत पेनांनी सुबक आकृत्या काढतात, आम्ही लाल शाईने सह्या ठोकतो आणि साऱ्यांचे कल्याण होते. मुलींच्या वह्या सर्वांत सुंदर असतात. खांबावर चढायची वेळ आली की त्यांना आपण खाली उभे करून वही धरायला देतो, हा त्यातला आणखी एक विनोद.

औंढ्याकडच्या त्या मुलाच्या जर्नलमध्येही ‘भूसंपर्कन’, म्हणजे अर्थिंग, ह्या प्रात्यक्षिकाची आकृती होती. खड्डा, कोळसा-मिठाचे थर, तांब्याची पट्टी, सगळे जागच्या जागी. तिच्याखाली माझी सही होती. आमच्या संस्थेत त्या वर्षी एकही खड्डा खणला गेला नव्हता. अर्थ टेस्टर कपाटात होता, कपाटाची किल्ली भांडारपालाकडे होती, भांडारपाल रजेवर होता. आणि खरे सांगायचे तर मीही मागितली नव्हती. परीक्षेत मुलगा उत्तम गुणांनी उतरला. पास झाल्यावर दोनच महिन्यांनी, पावसाळी रात्री, एका शेतातल्या मोटारीच्या पत्र्याच्या पेटीला त्याचा हात लागला. पेटीत वीज उतरली होती आणि अर्थिंगची तार कुठेच पोचत नव्हती. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटे गेली. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्याने उठून बसायचा प्रयत्न केला, ‘सर’ म्हणाला. माझ्यावर त्याचा काडीचाही राग नव्हता. राग असता तर मला हा लेख लिहायची गरज कदाचित भासली नसती.

म्हणून ‘मुलांना काम दिले तर धोका आहे’ असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की धोका काम दिल्याने येतो की न दिल्याने? ती मुले रात्री, एकटी, ओल्या जमिनीवर हे काम करतच आहेत. दिवसा, आपल्या देखत, कोरड्या चटईवर करू देण्याचीच काय ती आपल्याला भीती वाटते.

आता एक जुनी गोष्ट. सगळ्यांना माहीत आहे. परंतु तिच्यातला शिक्षणाचा भाग आपण कधी वाचला नाही. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली. मुक्ताबाईने सुचवले, काका, ह्यातली मडकी पक्की कोणती नि कच्ची कोणती, पाहा. गोरोबांनी आपले थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत गेले. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडके कच्चे. कीर्तनकार ही गोष्ट नामदेवांच्या अहंकारावर नेऊन सोडतात. मी एक कारागीर म्हणून पाहतो तेव्हा मला गोरोबा दिसतात. त्यांनी पाहुण्यांना बारा प्रश्न दिले नाहीत. धंद्याचे हत्यार घेतले आणि ठोकून पाहिले. वर्षअखेरीची वाट पाहिली नाही. तेथल्या तेथे सांगितले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कच्चे मडके उकिरड्यावर फेकले नाही. कच्चे म्हणजे वाईट नव्हे, कच्चे म्हणजे अजून भट्टीत जायचे आहे, एवढाच कुंभाराच्या भाषेत त्याचा अर्थ.

भट्टी कुठे होती? औंढा नागनाथला, विसोबा खेचरांकडे. ज्या नर्सीला आपण नामदेवांची जन्मभूमी मानतो ती आणि औंढा, दोन्ही आजच्या हिंगोली जिल्ह्यातच आहेत. नामदेव देवळात गेले तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, मी म्हातारा, मला उचलवत नाहीत, जेथे देव नसेल तेथे तूच माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तिसरीकडे ठेवले, आणि जेथे ठेवावे तेथे पिंडी. सर्वव्यापी ईश्वर ह्या विषयावर विसोबांना दोन तास व्याख्यान देता आले असते. त्यांनी शिष्याच्या हातात काम दिले. ते काम करताना प्रश्न शिष्याच्या मनात उभा राहिला, आणि उत्तर त्याच्याच हाताला सापडले. ह्याला आमच्या खात्याच्या भाषेत प्रात्यक्षिक म्हणतात. ज्या जिल्ह्यात हे घडल्याचे आपण सांगतो त्याच जिल्ह्यात आपण मुलांच्या हातात वही देतो!

नामदेव शिंपी होते म्हणून आणखी एक सांगतो. जीन लेव्ह ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाई आफ्रिकेतल्या लायबेरिया देशात वाई आणि गोला जमातींच्या शिंप्यांची दुकाने अभ्यासत होत्या. १९९१ साली एतियेन वेंगर ह्यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी ती हकीकत दिली आहे. तेथे उमेदवार मुलगा शिकतो तो उलट्या क्रमाने. पहिल्यांदा बटणे, काठ दुमडणे, इस्त्री, म्हणजे कपडा पुरा होतानाची कामे. मग शिवण. आणि सर्वांत शेवटी बेतणे, कारण कात्री चुकली की कापड वाया. ह्यातली खुबी अशी की पहिल्या दिवसापासून मुलाच्या हातात पुरा होत आलेला कपडा असतो. आपण काय करत आहोत आणि ते कोण नेसणार आहे, हे त्याला दिसते. आपण मात्र विजतंत्र्याला ओहमच्या नियमापासून सुरुवात करून मोटारीपर्यंत नेतो, आणि मोटार येईपर्यंत निम्मी मुले मनाने निघून गेलेली असतात.

ही मी ऐकीव गोष्ट सांगत नाही. नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत मी क्रम उलटा केला, थोडासा चोरूनच. पहिल्या आठवड्यात गावातून जळलेल्या मोटारी आणायला सांगितल्या. उघडल्या. स्टार जोडणीच्या एका मोटारीत तीन फेजपैकी दोघींची वाइंडिंग कोळशासारखी काळी आणि तिसरीची तार नवी कोरी. ‘असे का?’ एवढेच विचारून मी बाहेर गेलो. परत आलो तेव्हा वर्गात भांडण चालले होते. एक फेज गेली की उरलेल्या दोघींवर सगळा भार येतो आणि त्या जळतात, हे एका मुलीने खडूने जमिनीवर काढून दाखवले होते. तिने तोवर तीन फेजचा धडा वाचलेला नव्हता. त्या दुपारी धडा काढला तेव्हा तो पोरांनी अधाशासारखा वाचला, कारण त्यांना आता उत्तर हवे होते. आधी प्रश्न, मग पुस्तक. एवढीच माझी शिकवण्याची सारी विद्या. ती समजायला मला बावीस वर्षे लागली.

मोटार दुरुस्त झाली की तिच्यावर चिठ्ठी लावत असू: कोणी गुंडाळली, कोणी तपासली. मालक न्यायला येई आणि त्या मुलाला नावाने विचारी. एकदा एक मोटार आठ दिवसांत परत आली. मालक तोंडाला येईल ते बोलला. त्या मुलाने मान खाली घालून ती पुन्हा खोलली, आणि खाचेतला कागद नीट बसवला नव्हता हे स्वतःच शोधून काढले. माझे शंभर शेरे जे करू शकले नसते ते त्या शेतकऱ्याच्या शिव्यांनी केले. शेऱ्यांवरून आठवले: रूथ बटलर ह्या इस्रायली संशोधिकेने १९८८ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त ‘येथे असे करून पाहा’ अशी सूचना, काहींना दोन्ही. सुधारली ती फक्त सूचना मिळालेली मुले. दोन्ही मिळालेल्यांनी गुण पाहिले आणि सूचना वाऱ्यावर सोडली. गोरोबांनी नामदेवांना शंभरपैकी पस्तीस गुण दिले असते तर नामदेव औंढ्याला गेले असते का?

आक्षेप मला पाठ आहेत. अभ्यासक्रम दिल्लीहून येतो, त्याच्या बाहेर जाता येत नाही, असे म्हणतात. बाहेर जायला सांगतो कोण? २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या १२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे आहेत. ते तास तुम्ही वहीत घालवलेत, दिल्लीने नव्हे. निदेशकांची पदे रिकामी आहेत, एकाला दोन तुकड्या सांभाळाव्या लागतात, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो करणाऱ्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते रिकाम्या पदांच्या आड बसून भरलेल्या पदावरही न शिकवणाऱ्यांशी. ज्या निदेशकाने दहा वर्षांत स्वतः एक मोटार गुंडाळलेली नाही त्याने मुलांच्या गोडीविषयी बोलू नये. आणि लेखी परीक्षेचे काय, असेही विचारतात. ती आता संगणकावर, चारांतून एक पर्याय निवडण्याची आहे. ज्याने मोटार खोलली आहे त्याला ती जड जात नाही. ज्याने नुसती परीक्षा दिली आहे त्याला मोटार जड जाते.

महाराष्ट्रात हे नवीन आहे असेही नाही. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळेने ओवाळून टाकलेली मुले तेथे खरीखुरी बांधकामे करत, वेल्डिंग करत, गावाची कामे घेत आणि ती करता करता शिकत. चाळीस वर्षे झाली. पाबळचे कौतुक आपण भरपूर केले, तेथे सहली नेल्या, अहवाल लिहिले. आपल्या आवारात मात्र पाबळ येऊ दिले नाही.

सरकार काहीच करत नाही असे मी म्हणणार नाही. देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली, तेव्हा आमचा मुलूख हैदराबाद राज्यात होता. मुलांना महिना चाळीस रुपये विद्यावेतन कित्येक दशके चालू होते. ते पाचशे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो २०२३ साली. चाळीस रुपयांत हिंगोलीच्या बसस्थानकावर चार चहा होत होते, तोवर आपण त्या रकमेला वेतन म्हणत होतो! मे २०२५ मध्ये केंद्राने देशातल्या एक हजार शासकीय संस्थांचे रूप पालटण्यासाठी साठ हजार कोटींची योजना मंजूर केली. यंत्रे येतील. त्यांच्यावरचे प्लास्टिक कोण काढणार, एवढीच मला काळजी आहे. अर्थ टेस्टरही एके काळी नवा होता.

आणि आमच्याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळ्याला, गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. २६०० कोटींच्या खर्चाला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांत जवळजवळ संपूर्ण निर्वात नळी. तिच्या एका जोडातून केसाएवढी गळती झाली तरी चालणार नाही. ते जोड कोण करणार? बाहेरून येणारे कुशल कारागीर करतील, आणि औंढ्याची मुले त्यांच्या तंबूंना पाणी पुरवतील, की औंढ्याचा एखादा संधाता त्या नळीला हात लावील, हे आज कुठल्यातरी कार्यशाळेत ठरत आहे. तेथे कोणी लोखंडाचा तुकडा घासत असेल, तर ते ठरलेही आहे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा शिवारात हरभरा-गव्हाच्या पेरण्या चालू असतील आणि पाण्याच्या पाळ्या सुरू होतील. म्हणजे मोटारी जळतील. जिल्ह्यातल्या प्रत्येक संस्थेने ह्या हंगामात फक्त दहा जळक्या मोटारी आत घ्याव्यात आणि त्या संपेपर्यंत एकाही जर्नलवर सही करू नये. तांब्याच्या तारेला पैसे नाहीत असे कोणी म्हणेल. मालक देतो; बाजारातही तोच देतो. हंगामी निदेशक म्हणून बिनपगारी उभा राहायला मी तयार आहे, आणि वसमत रस्त्यावर ज्याचे रिवाइंडिंगचे दुकान आहे तो आठ बोटांचा एक कारागीरही तयार आहे. अर्थिंगचा पहिला खड्डा मुलांकडून मीच खणवून घेणार, असे त्याने मला बजावले आहे.